आपल्या भागातलं आंदोलन नीट कसं नोंदवायचं, आणि ते अभ्यासाच्या पुस्तकात का सापडत नाही

उरण-पनवेलकडे कुठल्याही घरात जानेवारी ८४ चा विषय काढा, कोणीतरी तिथे असतंच, नाहीतर कोणाचा तरी काका, आत्या असते. नवी मुंबईसाठी सिडकोने (शहर वसवणारं सरकारी महामंडळ) घेतलेल्या जमिनींवरून झालेलं शेतकऱ्यांचं आंदोलन, १६ आणि १७ जानेवारी १९८४, दास्तान फाटा आणि नवघर, पोलीस गोळीबारात पाच जण गेले, पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं धोरण आलं, इथपर्यंत सगळ्यांना माहिती असतं. पुतळे आहेत, स्मारकं आहेत, दरवर्षी अभिवादन होतं. पण विचारा की लोक रस्त्यावर बसणार हे कुठल्या बैठकीत ठरलं, निरोप किती गावांत आणि कसा गेला, बायका पुढे बसणार हे कोणी ठरवलं की आपोआप झालं, गोळीबारानंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं की नाही यावर भांडण झालं का. इथे गाडी अडते. नावं पाठ आहेत, पद्धत कोणी लिहूनच ठेवली नाही.

ही पद्धत कशी लिहायची त्याबद्दल ही पोस्ट आहे. एमएच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधणारे, आजोबांच्या ट्रंकेत पत्रकं-फोटो सापडलेले, किंवा संघटनेत काम करतायत आणि मागच्या पिढीने काय केलं ते कळत नाही म्हणून वैतागलेले, सगळ्यांना चालेल. विषय फक्त ८४ चा नाहीये, तुमच्या सोसायटीसमोरची झाडं वाचवणाऱ्यांचं आंदोलन असलं तरी काम हेच.

आधी थोडं मागचं, म्हणजे नंतर जे करायला सांगतोय ते का करायचं ते कळेल.

अहिंसक लढ्यांचा अभ्यास हा विषय जगात तसा नवा आहे आणि त्याचं बरंचसं मूळ आपल्याकडचं आहे. गांधीजींनी केलं आणि स्वतःच लिहिलं, हा पहिला टप्पा. मग रिचर्ड ग्रेग नावाचा अमेरिकन वकील १९२५ ला भारतात आला, आश्रमात राहिला आणि १९३४ ला पुस्तक लिहून सांगायचा प्रयत्न केला की मार खाणारा उलटून मारत नाही तेव्हा मारणाऱ्याच्या डोक्यात काय होतं. दांडी यात्रेत चाललेले कृष्णलाल श्रीधराणी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पीएचडीला गेले आणि १९३९ ला त्यांनी सत्याग्रहाच्या पायऱ्या सुट्या करून मांडल्या, वाटाघाटी, तयारी, संप, बहिष्कार, समांतर सरकार वगैरे. ते पुस्तक तिकडे काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या कार्यकर्त्यांनी वाचलं. आणि जेम्स लॉसन, हा काळा अमेरिकन माणूस १९५३ ते ५६ आपल्या नागपुरात हिस्लॉप कॉलेजमध्ये होता, इथे सत्याग्रह समजून घेतला, परत अमेरिकेत जाऊन नॅशव्हिलमध्ये पोरांच्या कार्यशाळा घेतल्या आणि १९६० ला तीच पोरं फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या हॉटेलांच्या काउंटरवर जाऊन बसली. ही गोष्ट किती नागपूरकरांना माहितीये कोण जाणे.

मग अमेरिकन अभ्यासक जीन शार्प. १९७३ च्या त्याच्या तीन भागांच्या पुस्तकात अहिंसक कृतीचे १९८ प्रकार मोजून वर्गात बसवलेत. त्यानंतर आले आकडे मोजणारे लोक: एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांनी २०११ च्या पुस्तकात १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोहिमा घेतल्या आणि दाखवलं की अहिंसक मोहिमा ५३ टक्के वेळा यशस्वी झाल्या, सशस्त्र २६ टक्के. आणि मग भांडणं, म्हणजे कुठल्या मोहिमा मोजल्या, कुठल्या सोडल्या, थोडी दगडफेक झालेली मोहीम कुठल्या खणात टाकली. शार्पवरही टीका झालीच: सत्ता लोकांच्या संमतीवर उभी असते हे त्याचं सूत्र राजा-प्रजेला ठीक आहे, पण घरातल्या बाईवरची सत्ता किंवा भांडवलाची सत्ता त्यात नीट बसत नाही, असं ब्रायन मार्टिन, केट मॅकगिनेस अशा अभ्यासकांनी लिहिलं.

म्हणजे क्रम असा की कोणीतरी करतं, कोणीतरी तपशीलवार लिहितं, मग कोणी वर्गवारी करतं, कोणी मोजतं, कोणी भांडतं. आपण पहिल्या पायरीवर भरपूर काम केलंय आणि दुसरीवरच थांबलोय. दुसरी पायरी नसली की पुढचं काहीच होत नाही, कारण मोजणारा माणूस इंग्रजीत छापलेलं बघून मोजतो, त्याला उरणजवळच्या चिरनेरचा जंगल सत्याग्रह कुठे माहिती असणार.

आता दुर्लक्ष का होतं. यात कोणाचं कारस्थान शोधायची गरज नाही, साधी कारणं पुरतात. युद्धाचा अभ्यास करणाऱ्याला नोकरी आहे, संरक्षण खात्याच्या संस्था आहेत, पैसा आहे. अहिंसक लढ्याच्या तज्ज्ञाला कोण ठेवणार? शार्पची संस्था बॉस्टनमधल्या त्याच्या राहत्या घरातूनच चालायची. विषय राज्यशास्त्राचा की समाजशास्त्राचा की इतिहासाचा हेही धड ठरत नाही, त्यामुळे कुठल्याच विभागाला तो आपला वाटत नाही. दर थोड्या वर्षांनी असं काही घडतं की सगळे पंडित चकित होतात, १९८६ ला फिलिपिन्समध्ये मार्कोस पळाला, १९८९ ला पूर्व युरोप, २००० ला सर्बिया, २०११ ला इजिप्त, मग दोन-तीन वर्षं परिषदा, पेपर, आणि पुन्हा शांत.

आपल्याकडचं दुर्लक्ष अजून वेगळ्या जातीचं आहे, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय. गांधीजींना आपण चारित्र्याच्या खात्यात टाकलं. दोन ऑक्टोबरला हार, निबंध, स्वच्छता मोहीम. तंत्र म्हणून बघायचं कोणाला सुचत नाही, म्हणजे धारासणेच्या मीठ सत्याग्रहात पोलिसांच्या लाठ्यांनी एक तुकडी पडली की दुसरी पुढे कशी यायची, जखमींना उचलणारे कोण होते, हे प्रश्न परीक्षेत येत नाहीत. आणि जे लढे गांधीजींचे किंवा काँग्रेसचे नव्हते ते सत्याग्रहाच्या कपाटात ठेवलेच जात नाहीत. महाडला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, नाशिकचा काळाराम सत्याग्रह १९३० ते ३५ चालला, हे दलित इतिहासाच्या कपाटात. अलिबागजवळचा चरीचा संप, १९३३ ला नारायण नागू पाटलांनी खोतांविरुद्ध उभा केलेला, २५ गावांनी १९३९ पर्यंत जमीन पडीक ठेवली, कसलीच नाही, हा शेतकरी चळवळीच्या कपाटात. सलग इतकी वर्षं शेतीवर बहिष्कार! जगात अशी किती उदाहरणं असतील? पण अहिंसक कृतीचे अभ्यासक ते कपाट उघडत नाहीत आणि शेतकरी चळवळीचे अभ्यासक त्याला अहिंसक तंत्र म्हणून बघत नाहीत. मध्ये चरी राहून जाते.

शिवाय हरलेलं आंदोलन. मुळशीचं घ्या, १९२१ ला टाटांच्या धरणाविरुद्ध सुरू झालं, सेनापती बापटांसकट कितीतरी लोक तुरुंगात गेले, धरण झालंच. राजेंद्र व्होरांचं त्यावरचं इंग्रजी पुस्तक यायला २००९ उजाडलं. आणि बातम्यांबद्दल तर काय बोलायचं, रक्त सांडलं तर पहिलं पान, सहा वर्षं शांतपणे नांगर न धरण्याला पान कुठलं.

तर आता काम.

पहिलं म्हणजे विषय कापा. "आगरी-कोळी भूमिपुत्रांचा संघर्ष १९७० ते आजपर्यंत" असा विषय घेतलात की संपलात. सिडको १९७० ला आली, ठाणे-पनवेल-उरण मिळून ९५ गावांच्या जमिनी घेतल्या, ते सगळं एका माणसाने करायचं म्हटलं तर आयुष्य जाईल. एक मागणी, एक सुरुवात, एक शेवट असं घ्या. उदाहरणार्थ नवी मुंबई विमानतळाला ८४ च्या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव द्या म्हणून १० जून २०२१ ला झालेली मानवी साखळी आणि २४ जूनला बेलापूरला सिडको भवनावर गेलेला मोर्चा, म्हणजे तेवढे दोन आठवडे. कोविडचे निर्बंध असताना इतकी माणसं कशी आणली, हाच एक प्रश्न पुरेसा आहे. किंवा पेण तालुक्यातल्या २२ गावांचं सेझविरोधी (सेझ म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र) आंदोलन, जिथे सप्टेंबर २००८ मध्ये सरकारला प्रकल्प हवा की नको यावर गावोगाव मतदान घ्यावं लागलं. यात भाग घेतलेली माणसं अजून धडधाकट आहेत, कागद शाबूत आहेत. ८४ घेणार असाल तर मात्र घाई करा, तेव्हा पंचविशीत असलेला माणूस आता पासष्टीच्या पुढे आहे.

मुलाखतीला पळायच्या आधी कागद वाचा. हे उलटं केलं तर समोरचा जे सांगेल ते मान हलवत ऐकत बसता आणि तारीख चुकली तरी कळत नाही. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं, तिथे जाऊन जुनी वर्तमानपत्रं, नियतकालिकं काय आहेत ते ग्रंथपालांना विचारा, कॅटलॉगवर विसंबून राहू नका, ग्रंथपालाला जे माहिती असतं ते कॅटलॉगमध्ये नसतं. स्वातंत्र्यपूर्व काळातलं असेल, उदाहरणार्थ २५ सप्टेंबर १९३० चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह, तर काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, तिथे होम डिपार्टमेंट स्पेशलच्या फायली मागवा. इंग्रज पोलीस फार बारीक लिहायचे, कोण कुठे काय बोलला सगळं, अर्थात त्यांच्या बाजूने. शोधताना लक्षात ठेवा की तेव्हा रायगड नव्हता, जिल्हा कुलाबा होता, रायगड नाव १९८१ पासूनचं. गांधीजींच्या बाजूचं वाचायचं तर गावदेवीचं मणिभवन, तिथलं ग्रंथालय चांगलं आहे. आणि विधिमंडळाची कार्यवाही, जी कोणीच वाचत नाही! गोळीबार झाला की सभागृहात गदारोळ होतो, मंत्री निवेदन करतो, त्या निवेदनात सरकारची बाजू तारीख-वेळेसकट असते.

मग माहितीचा अधिकार. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एका अर्जात एकच विषय, त्यामुळे मोर्चाची परवानगी, पोलीस बंदोबस्ताचा आदेश, चौकशी अहवाल हे तीन वेगळे अर्ज करा, एकातच कोंबलंत तर परत येईल. जुन्या घटनांसाठी कलम ८(३) लक्षात ठेवा, २० वर्षांपूर्वीची माहिती असेल तर नाकारायची बहुतेक कारणं गळून पडतात. "अभिलेख उपलब्ध नाही" असं उत्तर आलं तर तिथेच थांबू नका, पुढचा अर्ज करा की सदर अभिलेख कोणत्या वर्गात होता, कधी नष्ट केला, नष्ट केल्याच्या नोंदवहीची प्रत द्या. कधी कधी फाईल अचानक सापडते. ती कोणत्या कार्यालयात असेल याचाही विचार करा, नवी मुंबई पोलीस आयुक्तालय १९९४ चं आहे, १९८४ ला उरण अलिबागच्या पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली होतं.

या सगळ्यातून तारखांचा एक तक्ता बनवा. एक्सेल कशाला, वही चालेल. तारीख, जागा, आंदोलकांनी काय केलं, समोरच्याने काय केलं, माहिती कुठून मिळाली. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, तो रिकामा ठेवलात तर वर्षभराने तुमचा तुम्हालाच विश्वास बसणार नाही.

आता माणसं. उरणला आता लोकल जाते, जानेवारी २०२४ पासून, त्यामुळे नेरूळ-बेलापूरवाल्यांनी अंतराचं कारण सांगू नका. नेत्यांकडे शेवटी जा. नेत्याने तीच गोष्ट व्यासपीठावर इतक्या वेळा सांगितलेली असते की ती गुळगुळीत झालेली असते, त्यात शंका, भांडण, चूक काही उरलेलं नसतं. सुरुवात करा टेम्पोवाल्यापासून, भाकऱ्या थापणाऱ्या बायकांपासून, पत्रकं वाटणाऱ्या तेव्हाच्या शाळकरी पोरांपासून. आणि "तेव्हा कसं वाटलं" हा टीव्हीवाल्यांचा प्रश्न विचारू नका, उत्तर येतं "फार अभिमान वाटला" आणि पुढे दोन्हीकडून शांतता. असं विचारा: निरोप कोणी आणला, तोंडी की चिठ्ठी? पैसे कोणाकडे जमा व्हायचे? कामावर खाडा झाला त्याचा पगार कोणी दिला? पोलिसांनी पकडलं तर काय करायचं हे आधी सांगितलं होतं का? कोणी गरम डोक्याचा पोरगा दगड उचलायला लागला तर त्याला आवरायचं काम कोणाकडे होतं? जेवण कुठून आलं? थांबायचं कोणी ठरवलं आणि ते कोणाला पटलं नव्हतं?

बायकांशी वेगळं बोला, शक्यतो दुसऱ्या बाईनेच. पडवीत चार पुरुष बसलेले असले की आजी "यांनाच विचार, मला काय कळतंय" म्हणते, आणि तीच आजी मागच्या दारी दीड तास बोलते.

एक अवघड विषय आहे, गावकी. आपल्याकडे गावकीची बैठक हीच संघटना असते, देवळात ठरतं आणि गाव निघतं. ताकद तिथेच आहे. पण मोर्चाला न आलेल्या घराला दंड लावला का, वाळीत टाकलं का, हेही तिथेच ठरू शकतं. शार्पच्या यादीत सामाजिक बहिष्कार हा अहिंसक कृतीचाच प्रकार आहे, आणि आपल्या राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, २०१७ पासून लागू, रायगडात तर हा विषय चांगलाच पेटलेला होता. त्यामुळे कोणी सहज कबूल करणार नाही. तरी विचारा, नाव न लिहिण्याच्या अटीवर विचारा, कारण गावाच्या एकीत मनाने किती जण होते आणि धाकाने किती, हे कळल्याशिवाय एकीबद्दल काही लिहिणं मला तरी अर्धवट वाटतं.

समोरच्या बाजूचे लोक बहुतेक जण विसरतात. निवृत्त हवालदार, तलाठी, पोलीस पाटील, ठेकेदाराचा मुकादम. त्यांच्यातले काही याच गावांतले, आंदोलकांचे भाऊबंद. कोणी आदेश मुद्दाम उशिरा पोचवला, कोणी रजा टाकली, कोणी आधीच फोन करून सांगितलं, या गोष्टी फक्त तेच सांगू शकतात, आणि सत्तेचे खांब, म्हणजे पोलीस, सरकारी नोकर वगैरे, कसे हलतात यावरची सगळी थिअरी या असल्याच तपशिलांवर उभी आहे.

परवानगी लेखी नाहीतर रेकॉर्डिंगवर घ्या: नाव वापरू का, आवाज ठेवू का, कोणाला ऐकवू का. ताज्या आंदोलनात खटले चालू असतात, लोकांवर गुन्हे असतात, पासपोर्टला, नोकरीच्या पडताळणीला अडतं. तुमच्या नोंदीमुळे कोणी अडकता कामा नये, शंका आली तर तेवढा भाग लिहूच नका. बोली जशी आहे तशीच उतरवा, आगरीतली वाक्यं पुस्तकी मराठीत बदललीत की अर्धा अर्थ उडतो.

माहिती जमली की वर्गवारी. शार्पचे १९८ प्रकार तीन मोठ्या गटांत आहेत, निषेध आणि मन वळवणं याचे ५४, असहकाराचे १०३ (सामाजिक, आर्थिक, राजकीय), आणि थेट हस्तक्षेपाचे ४१. तुमच्या तक्त्यातल्या प्रत्येक कृतीपुढे गट लिहा. लगेच चित्र दिसतं. मानवी साखळी पहिल्या गटात, चरीचा संप दुसऱ्यात, दास्तान फाट्यावर रस्त्यावर बसणं तिसऱ्यात. मोर्चे-उपोषणं-निवेदनं यांचीच रांग लागली आणि असहकार शून्य, असं दिसलं तर तो तुमचा शोध आहे. आजकालच्या आपल्या बहुतेक आंदोलनांत हेच होतं असं माझं मत आहे, बॅनर आणि सेल्फी भरपूर, पण समोरच्याला तुमच्याकडून जे लागतं ते बंद करणं, ते कोणी करत नाही. यादीत न बसणारं काही सापडलं तर आनंद माना, ओढूनताणून कोंबू नका. यादी १९७३ ची आहे, त्यात व्हॉट्सॲप नाही, गावकी नाही.

हिंसा झाली असेल तर लपवू नका. आपली माणसं म्हणून आपण पटकन "पूर्ण शांततेत" लिहून टाकतो. चिरनेरला लोक जंगल सत्याग्रहाला गेले, पोलिसांच्या गोळ्यांनी गावकरी मेले, आणि मामलेदारही मेला. मग हे अहिंसक की नाही? एका शब्दात उत्तर देऊ नका, क्रम लिहा: आधी काय झालं, मग काय, कोणाच्या हातात काय होतं, लाकूड तोडायला आणलेली कुऱ्हाड की मारायला आणलेली, कोणी कोणाला अडवलं. दगड गोळीबाराच्या आधी पडले की नंतर, याच्यावर दोन्ही बाजूंच्या हकिगती वेगळ्या असतील तर दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. हा क्रम नसतो म्हणूनच मोजणाऱ्या अभ्यासकांची पुढे भांडणं होतात.

गोळीबार किंवा लाठीमार झालेला असेल तर ब्रायन मार्टिनची एक चौकट फार उपयोगी आहे. त्याचं म्हणणं असं की शांत लोकांवर हात उचलला की तो मारणाऱ्यावर उलटू शकतो, पण आपोआप नाही, कारण मारणारा राग विझवायला पाच गोष्टी करतो: घटना झाकतो, मार खाणाऱ्यांची किंमत कमी करतो, घटनेचा अर्थ बदलतो, प्रकरण चौकशी समिती-कोर्टात टाकून थंड करतो, आणि साक्षीदारांना धाक किंवा आमिष दाखवतो. धारासणेला २१ मे १९३० ला वेब मिलर हा अमेरिकन पत्रकार तिथे हजर होता, त्याने डोळ्यांनी बघितलेलं जगभर छापून आलं, म्हणून झाकणं जमलं नाही. आता तुमच्या आंदोलनाला हेच पाच प्रश्न विचारा. त्या दिवशी फोटोग्राफर होता का, त्याचा कॅमेरा घेतला का? वर्तमानपत्रात लोकांना काय म्हटलं, शेतकरी की जमाव की समाजकंटक? स्वसंरक्षणार्थ असं कोणी पहिल्यांदा म्हटलं? चौकशी लागली का, अहवाल आला का, कधी? नंतर कोणाला नोकरी, ठेका, प्लॉट मिळाला? शेवटच्या प्रश्नाला चहा थंड होईपर्यंत कोणी बोलत नाही, थांबून राहा.

मग निकाल. जिंकलो की हरलो एवढं लिहून भागत नाही. अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजचा अहिंसक मोहिमांचा डेटाबेस आहे, २०११ ला सगळ्यांसाठी खुला झाला, आणि त्यातल्या केसेस मोठ्या प्राध्यापकांनी नाही, कॉलेजच्या पोरांनी लिहिल्यात, त्यामुळे घाबरायचं काही कारण नाही. तिथे दहापैकी गुण देतात, मागण्या किती मिळाल्या याला सहा, संघटना टिकली का याला एक, वाढली का याला तीन. ८४ ला हे लावून बघा, साडेबारा टक्क्यांचे गुण कसे द्यायचे? धोरण आलं, पण प्लॉट प्रत्यक्ष हातात पडायला किती घरांची एक पिढी गेली, कितींनी आधीच विकून टाकले. तुमचे गुण आणि गावातल्या दोन वेगवेगळ्या वयाच्या लोकांचे गुण वेगळे येतील, तिन्ही लिहा.

साडेतीन टक्क्यांचा नियम म्हणून एक गोष्ट व्हॉट्सॲपवर फिरते, लोकसंख्येच्या साडेतीन टक्के लोक रस्त्यावर आले की सरकार पडतंच, आणि मग कोणीतरी हिशोब करतं की २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई ११ लाख २० हजार, म्हणजे ३९ हजार लोक आणा आणि काम फत्ते. चेनोवेथचं ते निरीक्षण देशपातळीवर राजवट उलथवणाऱ्या मोहिमांबद्दल आहे, पालिकेच्या डंपिंग ग्राउंडबद्दल नाही, आणि त्याला बहारीनसारखे अपवाद आहेत हे स्वतः चेनोवेथनेच लिहिलंय. तुमच्या लिखाणात हा आकडा टाकू नका.

सगळं लिहून झालं की ठेवायचं कुठे. फक्त गूगल ड्राइव्हवर ठेवलं तर तुमचा पासवर्ड गेला की गेलं. मराठी विकिपीडियावर थेट टाकता येत नाही, तिथे आधी कुठेतरी छापलेलं लागतं, म्हणून एक लेख "साधना" किंवा "समाज प्रबोधन पत्रिके"सारख्या नियतकालिकाला पाठवा, मग त्याचा आधार देऊन विकीवर टाका. इंग्रजीत दोन पानांचा गोषवारा कराच, आवडो न आवडो, मोजणारे लोक तेच वाचतात. त्यात तारखा, जागा, मागणी, कृतींचे प्रकार, किती लोक (अंदाज कोणाचा तेही लिहा, पोलीस आणि आयोजकांच्या आकड्यांत फरक असणारच), दडपशाही, निकाल, एवढं पुरतं. प्रोजेक्ट असेल तर गाईड म्हणतील थिअरीचं प्रकरण वाढवा आणि गावाचं कमी करा, त्यांना नम्रपणे हो म्हणा आणि गावाचं सगळं परिशिष्टात टाका.

छापील प्रत एक ठाण्याच्या ग्रंथसंग्रहालयाला, एक गावातल्या वाचनालयाला किंवा शाळेला, आणि ज्यांनी मुलाखत दिली त्या प्रत्येकाला. ते वाचून फोन येतील, अमुक तारीख चुकली, तमक्याचं नाव राहिलं, माझ्या बापाने ट्रक दिला होता ते का नाही लिहिलं. मूळ मजकूर खोडू नका, खाली तारीख टाकून दुरुस्ती जोडत जा आणि कोणी सांगितलं तेही लिहा, फक्त त्यांना चालत असेल तरच.